कोंबडीची पिसं गळतात तेव्हा : अंडी थांबण्याच्या काळाचं व्यवस्थापन

आज आपण अंडी देणाऱ्या कोंबड्यांची पिसं गळण्याविषयी बोलणार आहोत. फार्मवर याला सरसकट ‘मोल्टिंग’ म्हणतात, तोच शब्द आपणही वापरू. विषय ऐकायला छोटा वाटतो. पण ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना हे दृश्य ठाऊक आहे : सकाळी खुराडं उघडावं तर आत पिसांचा सडा, कोंबडी बोडकी, तुरा फिका आणि अंड्याचा पत्ता नाही. मग कुणी म्हणतं रोग आला, कुणी म्हणतं कोंबडी म्हातारी झाली, आणि त्याच आठवड्यात ती बाजारात विकली जाते. यातल्या बऱ्याच कोंबड्या दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा उत्तम अंडी देणाऱ्या असतात. उलट काही शेडमध्ये परवडत नसताना जुनी बॅच सांभाळली जाते, आणि काही ठिकाणी पिसं गळावीत म्हणून पक्ष्यांना दहा-दहा दिवस उपाशी ठेवलं जातं. हे तिन्ही प्रकार टाळायचे असतील तर कोंबडीच्या अंगात त्या काळात काय चाललेलं असतं, ते आधी समजून घेऊ.

पिसं आणि अंडी : एकाच कोठारातून दोन खर्च

पीस जवळजवळ सगळं प्रथिनाचं असतं. त्याच्या वजनात ८५ ते ९० टक्के केराटिन, म्हणजे आपल्या नखांमध्ये आणि केसांमध्ये असतं त्याच जातीचं प्रथिन. दीड-पावणेदोन किलोच्या लेअर कोंबडीच्या अंगावरची पिसं तिच्या वजनाच्या साधारण पाच-सहा टक्के धरा. म्हणजे नवा पिसारा उभा करायला तिला ७०-८० ग्रॅम प्रथिन लागतं. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम प्रथिन असतं. हिशेब करा : एक पूर्ण पिसारा म्हणजे जवळपास डझनभर अंड्यांचं प्रथिन. त्यातही पिसाला गंधक असलेली अमिनो आम्लं, म्हणजे मेथिओनिन आणि सिस्टिन, जास्त लागतात, आणि नेमकी हीच आपल्या मका-सोयाबीनच्या खाद्यात कमी पडतात.

आता दुसरी बाजू. जी कोंबडी वर्षभर रोज अंडं देते, तिच्या प्रत्येक कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसत्या कवचाचे. वर्षभर हे चाललं की अंडनलिकेच्या कवच तयार करणाऱ्या भागात चरबी साठते, तिथल्या पेशी थकतात. म्हणून वय वाढेल तसं कवच पातळ होतं, तडकलेली अंडी वाढतात, टक्केवारी उतरते.

पिसं गळण्याच्या काळात अंडाशय आणि अंडनलिका आक्रसतात. अंड्यांचा कारखाना बंद होतो आणि दुरुस्ती सुरू होते. साठलेली चरबी निघून जाते, पेशी नव्या होतात. म्हणूनच नवा पिसारा आल्यावर कोंबडी जी अंडी देते, त्यांचं कवच आधीपेक्षा चांगलं असतं. थोडक्यात, नवी पिसं हे आपल्याला दिसणारं बाहेरचं लक्षण. खरं काम आत चाललेलं असतं. कोंबडीला विश्रांती हवीच असते. प्रश्न एवढाच की ती कधी मिळावी आणि कशी मिळावी. मोल्टिंगचं व्यवस्थापन म्हणतात ते या दोन प्रश्नांचं उत्तर.

हे ठरवतो उजेड

कोंबडीला ऋतू कळतो तो दिवसाच्या लांबीवरून. उजेड नुसता डोळ्यांवाटे जात नाही. तो कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो आणि तिथल्या पेशींना दिवस किती मोठा आहे ते कळतं. दिवस मोठा होत असेल तर अंडाशयाला चालना देणारी संप्रेरकं वाढतात. दिवस लहान होऊ लागला की ती उतरतात, अंडी थांबतात आणि थायरॉइडच्या प्रभावाखाली पिसं सुटायला लागतात. रानातल्या पक्ष्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच आहे. पिल्लं वाढवायचे दिवस संपले, आता थंडीच्या आधी नवं पांघरूण तयार करा.

आपल्याकडे, पुण्याच्या आसपास, २१ जूनला दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि २१-२२ डिसेंबरला साधारण अकरा तासांचा. युरोपच्या मानाने हा फरक थोडा, पण कोंबडीला तो पुरतो. म्हणून परसातल्या कोंबड्यांची पिसं पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडी लागेपर्यंत गळताना दिसतात. लेअर शेडमध्ये आपण दिवे लावून दिवस सोळा तासांचा करतो तो याचसाठी. जूनमध्ये दिव्यांनी पावणेतीन तास भरून काढावे लागतात, डिसेंबरमध्ये पाच. जो माणूस वर्षभर दिव्याची वेळ एकच ठेवतो, म्हणजे सूर्य मावळल्यावर तीन तास, त्याच्या कोंबड्यांचा दिवस नकळत दोन तासांनी आखूड होत जातो. दिवाळीच्या सुमारास अंडी का उतरली, याचं उत्तर बऱ्याचदा त्या दिव्याच्या बटणातच असतं.

नियम सोपा आहे : अंड्यावर असलेल्या कोंबडीचा दिवस कधीही कमी होऊ द्यायचा नाही.

नको तेव्हा होणारं मोल्टिंग

उजेडाखेरीज आणखी काही कारणांनी कोंबडी मध्येच पिसं टाकते. त्यातलं सगळ्यात मोठं कारण पाणी. उन्हाळ्यात मोटर जळाली, टाकी रिकामी राहिली आणि कोंबड्यांना दिवसभर पाणी मिळालं नाही, तर अंडी लगेच उतरतात आणि पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. हा खंड दीड-दोन दिवसांचा झाला तर सगळी बॅचच मोल्टिंगमध्ये जाऊ शकते. खाद्यापेक्षा पाण्याचा खंड जास्त महागात पडतो, हे लक्षात ठेवा.

दुसरं कारण भारनियमन. ओळीने काही रात्री दिवे लागले नाहीत की कोंबडीच्या लेखी अचानक हिवाळा आला. इन्व्हर्टर किंवा सौर दिवे आणि वेळ लावायचा टायमर हा खर्च अंड्यांच्या खात्यात धरा. उजेड झगझगीत लागत नाही. कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर वर्तमानपत्र वाचता आलं म्हणजे पुरे.

तिसरं कारण ताण. एका शेडमधून दुसऱ्यात हलवणं, खाद्य एकदम बदलणं, खाद्यात मीठ किंवा कॅल्शियम कमी पडणं, कडक ऊन, आजारपण. मिठाचं उदाहरण मुद्दाम सांगतो. घरी खाद्य मिसळणारे कधी कधी मीठ विसरतात. सोडियम कमी पडलं की खाणं घटतं, अंडी झपाट्याने उतरतात, पिसं सुटतात आणि कोंबड्या एकमेकींना टोचू लागतात. शेडमध्ये असं दिसलं तर औषधांच्या दुकानाकडे धावण्याआधी मिसळणीची पाटी तपासा.

पंख वाचायला शिका

समोरच्या कोंबडीचं नेमकं काय चाललंय, हे ओळखायचं कसं? पिसं गळण्याला क्रम असतो. आधी डोकं आणि मान, मग छाती, पाठ, पोट, त्यानंतर पंख आणि शेवटी शेपूट. मानेचीच पिसं गेली असतील तर कोंबडी अजून अंडी देत असू शकते. पंखांची मोठी पिसं गळू लागली की अंडी थांबलीच असं समजा.

पंख हळूच उघडून बघा. मधोमध एक आखूड पीस दिसतं. त्याच्या बाहेरच्या बाजूला, टोकाकडे, उडण्याची दहा मोठी पिसं असतात. ती आखूड पिसाजवळून सुरू होऊन टोकाकडे क्रमाने गळतात. एक मोठं पीस पूर्ण वाढायला साधारण सहा आठवडे लागतात. आता दोन प्रकारच्या कोंबड्या डोळ्यांसमोर आणा. पहिली दर दोन आठवड्यांनी एकेक पीस टाकते. तिची दहा पिसं व्हायला चोवीसेक आठवडे जातात, म्हणजे सहा महिने खाणार आणि फारसं देणार नाही. दुसरी चार-पाच पिसं एकदम टाकते. ती दिसायला अगदी भकास होते, पण दोन-तीन महिन्यांत आटोपते. म्हणजे जी सगळ्यात वाईट दिसते, ती बऱ्याचदा सगळ्यात चांगली कोंबडी असते. आणि जी वर्षात लवकर गळायला लागते आणि रेंगाळत गळते, ती अंड्यांना कमी. छाटणी करायची असेल तर या दुसऱ्या खुणेवर करा.

सोबत आणखी दोन गोष्टी तपासा. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना टोकदार हाडं लागतात. त्यांच्यात दोन-तीन बोटं मावली तर कोंबडी अंड्यावर आहे; एकच बोट जेमतेम मावलं तर थांबलेली आहे. अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लाल, टवटवीत असतो. थांबलेलीचा आक्रसलेला, फिकट, कोंडा पडल्यासारखा.

इथे तीन गैरसमज दूर करू. खुडूक बसलेली कोंबडी आणि मोल्टिंगमधली कोंबडी, दोघीही अंडी देत नाहीत, पण प्रकार वेगळे. खुडूक कोंबडी खुराड्यात ठाण मांडून बसते, फुगते, हात लावला की टोचते. तिचं पोट उघडं असतं पण पंख शाबूत असतात. दुसरं, टोचाटोचीमुळे गेलेली पिसं. तिथे तुटलेले दांडे आणि जखमा दिसतात, तर मोल्टिंगमध्ये कातडीतून सुईसारखी, निळसर, रक्ताने भरलेली नवी पिसं वर येताना दिसतात. तिसरं, कोंबडा असेल तर फक्त पाठीवर आणि डोक्यामागे टक्कल पडतं. उवा आणि पिसवांसाठी गुदद्वाराजवळची पिसं बाजूला करून एकदा पाहावंच.

मुद्दाम मोल्टिंग आणि उपासमारीचा प्रश्न

आता मोठ्या शेडकडे वळू. तिथे सगळ्या कोंबड्या एकाच वयाच्या असतात. १८-२० आठवड्यांना अंडी सुरू होतात, पुढच्या दोनेक महिन्यांत टक्केवारी नव्वदच्या वर जाते आणि मग हळूहळू उतरते. ७२-८० आठवड्यांना मालकापुढे प्रश्न उभा राहतो : बॅच विकायची, की सगळ्यांना एकदम विश्रांती देऊन दुसरी फेरी घ्यायची? नैसर्गिकपणे गळू दिलं तर कुणी आज, कुणी दोन महिन्यांनी. शेड कधीच पूर्ण अंड्यावर येत नाही. म्हणून सगळ्यांना एका वेळी मोल्टिंगमध्ये नेण्याची पद्धत आली.

यातली जुनी रीत म्हणजे खाद्य तोडणं. आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त, दाणा बंद. वजन चतुर्थांशाहून अधिक उतरतं, अंडी थांबतात, पिसं गळतात. ही रीत टिकली कारण ती फुकट होती आणि सगळी बॅच एकदम थांबत होती. त्याची किंमत कोंबडी देत होती. आणि नुसती कोंबडीच नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की उपाशी ठेवलेल्या कोंबड्यांना साल्मोनेला एंटेरिटिडिसचा संसर्ग सहज होतो, तो जास्त तीव्र असतो आणि शेजारच्या पक्ष्यांमध्ये वेगाने पसरतो. हा तोच जंतू, जो अंड्यातून माणसापर्यंत पोचतो. पुढे मॅकडोनल्ड्सने २००० मध्ये अशा फार्मची अंडी न घेण्याचं धोरण जाहीर केलं, आणि तिथल्या अंडी उत्पादकांच्या मोठ्या संघटनेने आपल्या प्रमाणित सभासदांसाठी २००६ पासून ही रीत बंद केली.

आपल्याकडेही हे कायद्यात बसत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या ११ व्या कलमात मालकाने जनावराला पुरेसं अन्न, पाणी किंवा निवारा न देणं ही क्रूरता मानलेली आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ मध्ये उपाशी ठेवून मोल्टिंग करणं थांबवा, असं कुक्कुटपालकांना कळवलं. तरीही ‘दाणा तोडल्याशिवाय मोल्टिंग होतच नाही’ असं आजही ऐकू येतं. ते खरं नाही.

उपाशी न ठेवता मोल्टिंग

यामागचा विचार असा : खाद्य बंद करायचं नाही, पण त्यातून अंडं बनणार नाही असं खाद्य द्यायचं. इलिनॉय विद्यापीठात २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत यावर बरंच काम झालं. गव्हाच्या कोंड्यावर आधारलेलं खाद्य हवं तितकं खाऊ दिलं, तरी अंडी थांबतात आणि पुढची फेरी उपाशी ठेवलेल्या कोंबड्यांच्या तोडीची येते, असं त्यातून दिसलं. आपल्याकडे गव्हाचा कोंडा आणि तेल काढलेला भाताचा कोंडा दोन्ही मिळतात. पायऱ्या अशा :

पहिली तयारी. बॅच निरोगी हवी. मरतूक चालू असेल, श्वासाचा आजार असेल, तर विचारही करू नका. दुबळ्या आणि रेंगाळत गळणाऱ्या कोंबड्या आधीच काढा. दोन-तीन आठवडे आधी जंतनाशक द्या, उवांचा बंदोबस्त करा, मानमोडीची म्हणजे राणीखेतची लस पशुवैद्यकांच्या सल्ल्याने उरकून घ्या. पन्नासेक कोंबड्यांना खूण करून वजन घ्या आणि लिहून ठेवा. पुढचा सगळा निर्णय त्या वहीवर चालतो.

पहिला ते चौथा आठवडा. दिवे बंद, नुसता नैसर्गिक उजेड. आपल्या उघड्या शेडमध्ये दिवस अकरा तासांहून कमी करता येत नाही, पण सोळा तासांवरून एकदम खाली येणं हाच कोंबडीसाठी इशारा असतो. लेअर खाद्याच्या जागी कोंड्याचं, कमी ऊर्जेचं, कमी प्रथिनाचं खाद्य. शिंपले काढून घ्या, मीठ कमी करा. पाणी मात्र चोवीस तास, स्वच्छ आणि थंड. अंडी साधारण दीड-दोन आठवड्यांत थांबतात. दर आठवड्याला खूण केलेल्या कोंबड्यांचं वजन करा. १६०० ग्रॅमची कोंबडी सव्वाबाराशे-तेराशेवर आली की पुरे. तीस टक्क्यांच्या जवळ कधीच जाऊ देऊ नका. रोजची मरतूक नेहमीपेक्षा वाढलेली दिसली तर त्याच दिवशी खाद्य सुधारा.

पाचवा-सहावा आठवडा. आता पिसं वर येण्याचा काळ. इथे कंजुषी केली तर आधीचं सगळं वाया जातं. १६ ते १८ टक्के प्रथिनाचं, मेथिओनिन नीट असलेलं खाद्य द्या. कोंबड्यांना शक्यतो हाताळू नका. रक्त भरलेलं कोवळं पीस दुखतं आणि तुटलं तर रक्त येतं, रक्त दिसलं की बाकीच्या टोचतात.

सातवा आठवडा आणि पुढे. आधी कॅल्शियम परत, मग उजेड. हा क्रम उलटा करू नका, नाहीतर पहिली अंडी कागदासारख्या कवचाची येतील. दिवे टप्प्याटप्प्याने वाढवत सोळा तासांवर न्या, लेअर खाद्य सुरू करा. नवव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास शेड पुन्हा निम्म्याच्या वर अंड्यावर आलेली दिसते.

वेळ कोणती निवडायची

एप्रिल-मे टाळा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात कोंबडी आधीच कमी खाते, त्यात हा ताण नको. आपल्याकडे भावाचं चक्र साधारण ठरलेलं आहे : उन्हाळ्यात आणि श्रावणात मागणी उतरते, थंडीत चढते. पाऊस स्थिरावल्यावर जुलैत सुरुवात केली, तर बंद काळातला बराच भाग श्रावणात जातो, दिवस तसाही लहान होत असतो, आणि दुसऱ्या फेरीची चढती अंडी थंडीच्या बाजारात येतात. मात्र पिसं नसलेल्या कोंबड्यांना ओल बाधते; शेडचे पडदे आणि कोरडं लिटर आधी पाहून घ्या.

परवडतं का? आकडे मांडून बघा

खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गावचे भाव घालून गणित पुन्हा करा.

समजा वीस आठवड्यांची तयार तलंग ३०० रुपयांना मिळते आणि जुनी कोंबडी ८० रुपयांना जाते. म्हणजे बदलीचा खर्च २२० रुपये. नवी ५२ आठवडे अंडी देईल असं धरलं तर आठवड्याला सव्वाचार रुपये पडले.

आता मोल्टिंग. नऊ आठवडे सरासरी रोज ८० ग्रॅम, म्हणजे पाच किलो खाद्य. सरासरी २७ रुपये किलोने १३५ रुपये. औषध-मजुरी १५ धरा. झाले १५०. दुसरी फेरी साधारण ३० आठवड्यांची. आठवड्याला पाच रुपये. शिवाय दुसऱ्या फेरीची कमाल टक्केवारी पहिल्यापेक्षा सात ते दहा टक्क्यांनी कमी असते. जमेच्या बाजूला अंडी आकाराने मोठी आणि सुरुवातीला कवच चांगलं.

म्हणजे या भावांत नवी तलंग घेणं बरं. पण तीच तलंग ४०० रुपयांना मिळत असेल, तर ३२० भागिले ५२, आठवड्याला सहा रुपयांच्या वर. तिथे मोल्टिंग जिंकतं. आणि तलंग मिळतच नसेल, किंवा हातात एकदम एवढे पैसे नसतील, तर प्रश्नच नाही. मोल्टिंग हा आपोआप होणारा फायदा नव्हे. तलंग महाग, भाव पडलेला आणि बॅच निरोगी, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर करा. नाहीतर बॅच विका. आजच्या सुधारित जाती योग्य खाद्यावर नव्वद-शंभर आठवडेही मोल्टिंगशिवाय बऱ्यापैकी अंडी देतात, हा तिसरा मार्गही हिशेबात घ्या.

परसातल्या दहा-वीस कोंबड्या

तिथे मुद्दाम काहीच घडवू नका. गावठी असो, गिरिराज असो की वनराज, तिला तिच्या वेळेला गळू द्या. त्या दोन-तीन महिन्यांत ती अंडी देत नाही म्हणून दाणा तोडणं ही सर्रास होणारी चूक. उलट याच काळात मूठभर शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड, वाळलेली सुकट, उकरायला शेणखताचा ढीग द्या. कोरडी जागा, थंडीत आडोसा. खुराड्यात दिवा लावून तिला लवकर अंड्यावर आणायची घाई नको. पिसारा पुरा होऊ द्या, मग लावा.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*पिसं लवकर यावीत म्हणून काही औषध आहे का?*
नाही. प्रथिन, पाणी आणि वेळ. टॉनिकच्या बाटलीच्या पैशात दोन किलो पेंड येते.

*कोंबड्या गळलेली पिसंच खाताहेत. काय करावं?*
खाद्यात प्रथिन, मेथिओनिन किंवा मीठ कमी असण्याची ही खूण असू शकते. खाद्य तपासा, गर्दी कमी करा, गळलेली पिसं रोज उचला.

*मोल्टिंगसाठी जस्त मिसळतात असं ऐकलंय.*
मोठ्या मात्रेत जस्त दिल्याने कोंबडी खाणं सोडते आणि अंडी थांबतात, हे खरं. म्हणजे फिरून उपासमारच झाली, आणि विष्ठेतून ते जस्त शेतात जातं. कोंड्याची पद्धत असताना याची गरज नाही.

*दुसऱ्या फेरीनंतर तिसरी घेता येईल का?*
घेता येते, पण प्रत्येक फेरी आधीपेक्षा आखूड आणि उतरती असते. शेडमध्ये ते क्वचितच परवडतं. परसातली चांगली कोंबडी मात्र चार-पाच वर्षं दरसाल पिसं टाकते आणि दरसाल पुन्हा अंड्यावर येते. तेव्हा बोडकी कोंबडी बाजारात न्यायच्या आधी एकदा तिचा पंख उघडून बघा, एवढंच सांगून आज थांबतो.